तोफेने सोडवलेली माणसं

४ मार्च

तुला,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण हात धजला नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकून दिलं असतंस तरी मला नवल वाटलं नसतं. पण फोडलं असणार. पाकिटात काय आहे ते बघितल्याशिवाय टाचणीला कधी चैन पडलेली नाही. शिवणखात्यात आपली मशीनं शेजारी होती आणि सगळे तुला टाचणी म्हणायचे, तेव्हापासून तुझा हा गुण मला माहीत आहे.

तोफेला शिक्षा झाली हे तुला कळलंच असेल. साक्षीदार विकत घेतले, न्यायाधीशांच्या घरी भेटी पोचवल्या, सगळं सिद्ध झालं. बातमी आली तेव्हा मी शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी मोजत होते. कटिंग मास्तरांनी रेडिओ मोठा केला आणि अख्खं खातं थांबलं. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिव्या दिल्या. इस्त्रीवाली बाई रडायला लागली, तिच्या जावयाची केस त्याच्याकडे होती. काल-परवापर्यंत हा माणूस गरिबांचा वकील होता. तो कोर्टात बोलायला उभा राहिला की बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचं, म्हणून लोकांनीच त्याला कौतुकाने तोफ म्हटलं. खालच्या न्हाव्याने त्याचा फोटो आरशावर लावला होता. दुपारी बघते तर फोटो गायब, भिंतीवर चौकोनी पांढरा डाग, आणि न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय की मला पहिल्यापासूनच संशय होता.

आता माझं काम. तुझ्या भावाची केस याच तोफेने लढवली. आमचे हे पहाटेच्या अंधारात पाचव्या मजल्यावर लिफ्टचा दरवाजा उघडून आत पाय टाकायला गेले, आत लिफ्ट नव्हती, आणि ते खाली गेले. आदल्या संध्याकाळी तुझा भाऊ लिफ्ट दुरुस्तीला येऊन गेला होता. दरवाजाचं कुलूप निकामी झालंय हे त्याला कळलं होतं. कोर्टात प्रश्न एवढाच होता, की तो दरवाजा बांधून गेला की उघडा टाकून. वॉचमन म्हणाला, तारेने बांधलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्या एका वाक्यावर तुझा भाऊ सुटला. त्याला आमच्या बिल्डिंगचं काम मीच मिळवून दिलं होतं, तरी निकालानंतर मी तोंड उघडलं नाही. तुझ्याशी बोलणं मात्र बंद केलं.

आता मला एकच सांग. वॉचमन विकत घेतला होता का?

खटला पुन्हा उघडा असा अर्ज करायचा म्हणून इथे समिती झाली आहे. पहिली सही माझी हवी म्हणतात. माझी लेक तर कॉलेज सोडून त्यांच्यातच असते. सही करायच्या आधी मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडशील नाहीतर मी रडेन, आणि प्रश्न तसाच राहील.

बाकी काही नाही.

---

९ मार्च

बॉबिन,

तू मला ‘तुला’ म्हणालीस, मी तुला जुन्याच नावाने हाक मारते. गोल, गप्प, आणि आत किती दोरा गुंडाळलाय ते बाहेरून कळत नाही, म्हणून मास्तरांनी तुला ते नाव ठेवलं होतं. किती बरोबर ठेवलं होतं ते तुझं पत्र वाचून कळलं. एवढी वर्षं गप्प बसलीस, आणि बोललीस ती अशी.

इकडे काय चाललंय ते ऐक. पेपरवाल्यांनी अर्धं पान भरून फोटो छापले, वर मथळा ‘तोफेने सोडवलेली माणसं’. एका बाजूला जमिनी बळकावणारा एक गुंड, दुसऱ्या बाजूला सुनेला जाळणारा सासरा, आणि मधे माझा भाऊ. फोटो लायसनवरचा, त्यात तो आधीच चोरासारखा दिसतो. त्या दिवसापासून एकेका बिल्डिंगचे फोन यायला लागले, की सध्या येऊ नका, बघू नंतर. कोणी भांडत नाही, सगळे अगदी गोड बोलतात. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, मुलीकडच्यांनी तर फोनही केला नाही. समोरचा दुकानदार त्याला ‘या साहेब’ म्हणायचा, तो आता पाठ फिरवून बरण्या पुसत बसतो. त्या बरण्या इतक्या स्वच्छ कधीच नव्हत्या.

हे सगळे लोक तोफेच्या मिरवणुकीत पुढे नाचलेले आहेत बरं का. आता त्याला जोडे मारायला पण हेच पुढे. तोफ आत बसलीय, तिला जोडे लागत नाहीत. लागतात ते आम्हाला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या भावाने दरवाजा बांधला होता. तो माझ्यासमोर लहानाचा मोठा झालाय, पाण्याचा नळ सुद्धा तो अर्धवट बंद करून उठत नाही. मला तेवढं पुरतं. तुला पुरत नसेल तर सही कर. कोर्टात चार हातांवर बसून तू माझ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं नाहीस, तेव्हा पुरलं नाही, तर आता कसं पुरेल?

तुझी
टाचणी

---

१३ मार्च

टाचणी,

मी विचारलं वॉचमनचं, तू सांगितलंस भावाचं. बाही कमी पडली की गिऱ्हाइकाला कॉलर कशी छान बसलीय ते दाखवायचं, ही युक्ती आपण दोघी एकाच मास्तरांकडे शिकलो. माझ्यावर चालवू नकोस.

तू सांगायचा आता प्रश्नच उरला नाही. वॉचमन काल घरी आला होता. दारातच बसला, आत या म्हटलं तरी येईना. म्हणाला, माझे गुडघे कामातून गेलेत, मी त्या रात्री काय, कधीच जिना चढून पाचव्या मजल्यावर गेलेलो नाही. तोफेच्या माणसाने त्याला बोलावून घेतलं होतं. काय बोलायचं, तार किती जाड होती, कुठे किती वेढे होते, सगळं पाठ करून घेतलं. हातात काय ठेवलं तेही त्याने सांगितलं, ते मी लिहीत नाही, लिहायला लाज वाटते. माझ्या नवऱ्याचा जीव इतका स्वस्त होता हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे दरवाजा बांधलेला कोणी पाहिलाच नाही. म्हणजे उरला फक्त तुझ्या भावाचा शब्द, आणि तुझा त्याच्यावरचा विश्वास.

समितीचा जोर वाढलाय. पुढारी कोण, तर तोफेचाच ज्युनियर. निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत त्याची बॅग उचलत होता. आता भाषणात ‘त्या राक्षसाने’ असं म्हणतो, आणि म्हणताना हात अगदी तोफेसारखा वर करतो. अठ्ठावीस तारखेला मैदानावर सभा आहे. मी स्टेजवर जाऊन सर्वांसमोर सही करायची. मला कुठे बसवायचं, साडी फिकी नेसायची की साधी, यावर माझ्याच घरात, माझ्यासमोर चर्चा झाली. ह्यांचा फोटो मोठा करून घेतलाय. लेकीने निवडला, उन्हात डोळे बारीक केलेला. ती रात्रंदिवस त्याच कामात असते. परवा मला म्हणाली, आई, बाबांसाठी आपण आजपर्यंत काहीच केलं नाही.

हे गेले तेव्हा बिल्डिंगमधल्या ज्या लोकांना आमच्या घरी यायला वेळ झाला नाही, ते आता रोज येतात. चहा स्वतःच करून घेतात.

मी सही करणार आहे. तुला आधी सांगितलं, एवढंच जुन्या ओळखीला धरून.

बॉबिन नको म्हणूस.

---

१७ मार्च

बॉबिन,

म्हणणार. सवय गेलेली नाही.

हे पत्र तू त्या ज्युनियरच्या हातात दिलंस तर माझा भाऊ तुरुंगात जाईल. हे कळत असून मी लिहिते आहे. काल त्याच्या गाळ्याच्या शटरवर कोणीतरी डांबराने ‘खुनी’ लिहिलं. तो रॉकेल आणि चिंध्या घेऊन ते पुसत बसला होता. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती, कोणी मोबाईल धरून उभं होतं. मी म्हटलं, आत ये, उद्या पुसू. तर म्हणाला, “ताई, मी खोटं बोललो म्हणून हे आलंय. बांधला होता तो मी खरंच बांधला होता, आणि सांगितलं ते खोटं सांगितलं.” मग मात्र मला राहवेना. ऐक आता काय झालं होतं ते.

अटकेनंतर जामीन मिळाला तेव्हा आम्ही तोफेच्या ऑफिसात गेलो. गालिचा असा की चपला कुठे काढाव्या कळेना. तो पेपरमिंट चघळत ऐकत होता. भावाने जसं घडलं तसं सांगितलं. मेन स्विच पाडला, खाली ‘बंद आहे’ची पाटी लावली, आणि पाचव्या मजल्याचं कुलूप धरत नव्हतं म्हणून तो दरवाजा बाहेरून बांधला. तारेने नाही. तार तो कधीच वापरत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी असते त्याच्याकडे, नेहमी. त्याचा उस्ताद म्हणायचा की तार तुटते, दोरी सरकते, रबर घट्ट धरून बसतं, ते कोणीतरी मुद्दाम हाताने सोडल्याशिवाय सुटत नाही. गाठ मारायची पण त्याची एक रीत आहे.

तोफेने विचारलं, पट्टी कुठाय? पोलिसांना सापडली नव्हती. दरवाजाजवळ नाही, खाली खड्ड्यात नाही. तर तो म्हणाला, “जी वस्तू सापडली नाही, ती नव्हतीच. कोर्टात पट्टीचं नाव काढायचं नाही.” मग काही दिवसांनी निरोप आला की वॉचमनने पाहिलंय, आणि त्याने तार पाहिलीय. तेव्हा विचारलं तर तार म्हणायचं.

भाऊ तयार नव्हता. घरी येऊन भिंतीवर डोकं आपटून घेतलं त्याने. मला म्हणाला, खरं सांगून आत गेलो तर जाईन. मी हात जोडले, त्याच्या पाया पडले. शहरातला सगळ्यात मोठा वकील आपल्यासाठी फुकट उभा राहतोय, त्याला आपण काय शिकवणार, असं वाटलं मला. तुझ्या ताईवर दया कर म्हटलं.

तुला आठवत असेल, कोर्टात त्याला विचारलं, कशाने बांधला? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून ‘तारेने’ म्हणाला. तुला त्याच क्षणी वाटलं असणार की हा खोटं बोलतोय. बरोबर वाटलं. फक्त खोटं कशाबद्दल होतं ते तुला कळायला वाव नव्हता.

आमच्याकडे खरं होतं गं. त्या नालायकाने त्याच्यावर खोट्याचं अस्तर लावून शिवून टाकलं. आता उसवलं तर दोन्ही फाटणार. वॉचमन खोटा होता, हो. दरवाजा बांधलेला होता, हे पण हो. दोन्ही एका वेळी खरं असू शकतं हे त्या मैदानातल्या एका माणसाला तरी पटेल का? तुला पटेल का?

नसेल पटत तर सही कर. पण माझ्यावर रागावून करू नकोस.

टाचणी

---

२१ मार्च

टाचणी,

ती पट्टी कशी असते ते नीट लिही. रुंद किती, टोकं कशी कापतो, गाठीची रीत कोणती. सगळं लिही, काही गाळू नकोस. का विचारतेय ते विचारू नकोस, आणि कोणाला सांगू नकोस. लेकीला मी तुला लिहिते हे माहीत नाही.

अठ्ठावीसच्या आत उत्तर पोचलं पाहिजे.

---

२४ मार्च

बॉबिन,

हा प्रश्न तुझा नाही. मी तुला ओळखते, तू लांबी-रुंदी विचारणारी बाई नाहीस, तू कापड बोटांनी चाचपून सांगणारी. हा प्रश्न त्या ज्युनियरने तुझ्याकडून लिहवून घेतलाय. माझं पत्र त्याच्या टेबलावर पडलंय आणि दोघं मिळून माझ्या भावाचा फास विणताय, असंच मला पहिल्यांदा वाटलं. अजूनही वाटतंय. मी रात्रभर तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तुझ्या लेकीचा जन्म झाला तेव्हा तुझ्या मशीनचं काम मी महिनाभर ओढलं होतं, ते पण काढलं. इतकी खाली गेले.

सकाळी भावाला सांगितलं की उत्तर द्यायचं नाही. त्याने तुझं पत्र माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि गाळ्यात गेला. येताना त्याच्या हातात ही पट्टी होती. आताच ट्यूब कापून केलेली. मी म्हटलं, अरे हे त्यांच्या हातात आयतं कोलीत आहे. तर म्हणाला, त्या ताईंनी आजवर मला एकदाच काही विचारलंय, ते कोर्टात, डोळ्यांनी. तेव्हा मी खोटं बोललो. आता विचारतायत तर देऊ दे.

म्हणून पाकिटात पट्टी आहे. रीत बघून घे. एका टोकाला तिरकी चीर असते, दुसरं टोक त्या चिरेतून ओढून घ्यायचं, की जितकं ओढाल तितकं आवळतं. सोडवायची तर चीर बोटांनी फाकवावी लागते.

आता तुझ्या हातात आहे आम्हा दोघांचं. काय करायचं ते कर, पण माझ्याशी खोटं वागू नकोस.

टाचणी

---

३० मार्च

बॉबिन,

अगं काय केलंस तू? पेपरात आलंय की सभेत तू सही केली नाहीस, आणि भलतंच काही दाखवून सभा उधळलीस. मथळा ‘पत्नीच फितूर?’ असा आहे. लिहिलंय की तोफेच्या माणसांनी तुझ्या घरी काहीतरी पोचवलं असा लोकांना संशय आहे. भाऊ तो पेपर मांडीवर घेऊन बसलाय, जेवायला उठत नाही. तुला फोन लावला, बंद येतोय.

मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते विसर. सविस्तर लिही. बरी आहेस ना तेवढं तरी आधी लिही.

टाचणी

---

२ एप्रिल

प्रिय टाचणी,

बरी आहे. फोन मीच बंद ठेवलाय, त्यावर फक्त शिव्या येतात.

तुझं सतरा तारखेचं पत्र मी खात्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. ‘सायकलच्या ट्यूबची पट्टी’ इथे आले आणि पुढचं वाचताच येईना. हे गेले तेव्हा दवाखान्यातून त्यांच्या खिशातल्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या होत्या. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या आणि एक काळी रबरी पट्टी. मला वाटलं स्कूटरची असेल. काही टाकून द्यायचं नाही ही त्यांची खोड, दिसेल ते खिशात. पिशवी मी कपाटात ठेवली आणि परत उघडली नाही. कोर्टात सगळे तार तार म्हणत होते. तारेचा आणि त्या पट्टीचा संबंध मी कसा जोडणार? एकाने जरी तिथे ‘पट्टी’ म्हटलं असतं, तर मी जागेवरून उठले असते. तुझ्या भावाला सोडवायला साक्षीदार विकत घ्यायची गरजच नव्हती. साक्ष माझ्या कपाटात होती.

तुझं पाकीट सव्वीसला आलं. लेक बाहेर गेल्यावर दोन्ही पट्ट्या ओट्यावर शेजारी ठेवल्या. तीच रुंदी, तीच तिरकी चीर, कात्री धरायचा हात एकच.

मला आधी रागच आला. तुझ्या भावाचा नाही, ह्यांचा. आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचले त्यांनी, दुसऱ्यांनी बंद केलेली झाकणं उघडणं हेच काम. बंदची पाटी ही दुसऱ्यांसाठी असते असं त्यांचं ठाम मत होतं. ड्युटीची घाई, मजल्यावरचा बल्ब गेलेला, दरवाजाला काहीतरी आडवं बांधलंय. बोटांनी चीर फाकवली असेल, पुटपुटले असतील, पट्टी खिशात घातली असेल, आणि दरवाजा उघडला म्हणजे लिफ्ट आलीच, या सवयीने पाय पुढे टाकला असेल. मला ते सगळं दिसलं गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. मग खूप रडले. त्यांच्यावर इतकं ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला ते नव्हते.

खोटं सांगत नाही, पट्टी कचऱ्यात टाकायचा विचार आला. टाकली असती तर हे बिचारे म्हणून राहिले असते, मी दुखियारी म्हणून राहिले असते, लेक माझी राहिली असती. तुझा भाऊ आत गेला असता. एक रात्र मी तो विचार केला. सकाळी उठून दोन्ही पट्ट्या पर्समध्ये टाकल्या.

सभेआधी लेकीला सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं, पण ती ह्यांच्या फोटोला चौकट ठोकत होती, मला सांगता आलं नाही. तिथे चुकलेच.

मैदान गच्च भरलं होतं. ज्युनियरने भाषण केलं, लोकांनी घोषणा दिल्या, मग माझ्या हातात पेन दिलं. मी पेन खाली ठेवलं आणि पट्ट्या काढल्या. माझ्या भाषेत, जमेल तसं सांगितलं की वॉचमन खोटा होता, तोफ खोटी होती, आणि दरवाजा तरीही बांधलेला होता, तो माझ्या नवऱ्याने सोडला. मैदान एकदम गप्प झालं. मला वाटलं, पटलं यांना. मग मागून कोणीतरी ओरडलं, “केवढ्याला?” आणि लोक हसले. इतकी माणसं एकदम हसलेली मी कधी ऐकली नव्हती. ज्युनियरने माइक हातात घेतला, म्हणाला, “बघा, तोफ आत आहे, पण तिचे हात कुठपर्यंत पोचलेत.” त्याला टाळ्या पडल्या. मी कोपऱ्यातल्या जिन्याने उतरले. उतरताना कोणी वाट दिली नाही, पण कोणी हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला, पट्ट्या त्यांच्याकडे दिल्या. अधिकारी भला होता, बारकाईने बघून घेतल्या, दोन्ही जपून ठेवतो म्हणाला. तुझ्या भावाला बोलावणं येईल. त्याला सांग, या वेळी पट्टीच म्हण, आणि मान वर करून म्हण. घरचं कोणी रडलं तरी ऐकू नकोस.

बिल्डिंगमध्ये आता कोणी चहा करायला येत नाही. दूधवाला बाटली दारात न ठेवता जिन्यात ठेवून जातो. न्हाव्याने खात्यातल्या बायकांना सांगितलं म्हणे, की त्या बाईचा मला पहिल्यापासून संशय होता. हे सगळं मी सोसेन. तू सोसलंसच की.

सभेनंतर लेक चार रात्री मैत्रिणीकडे राहिली. काल संध्याकाळी आली, फोटो काखेत धरून. तो भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. मीठ आहे का विचारावं तसं विचारलं, “आई, खरं सांग. काय दिलं त्यांनी?”

मी म्हटलं, काही नाही.

ती म्हणाली, “तोफ पण कोर्टात हेच म्हणाली होती.”

मी उठले. मग ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं. तिने ते पुढे ओढलं नाही, पण उठूनही गेली नाही. अन्न निवेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

तुझी
बॉबिन